दिव्यांग मुलांचे दात आणि थेरपी डॉग : कुत्रं खुर्चीपाशी कधी हवं, कधी नको

पाटीपेन्सिल · शनिवार, सकाळी ९:१०

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात विशेष शाळेतल्या मुलांसाठी महिन्यातून एक सकाळ राखून ठेवायचं चाललंय. त्या सकाळी थेरपी डॉग, म्हणजे धीर द्यायला शिकवलेलं कुत्रं, असावा असा प्रस्ताव आहे. मुलं ५ ते १४ वयाची, एका सकाळी तीनच. ऑटिझम, सीपी (सेरेब्रल पाल्सी), डाऊन सिंड्रोम, आणि एक मूल स्पायना बिफिडाचं (पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेला). कुत्री लॅब (लॅब्राडोर), चार वर्षांची, २७ किलो, नसबंदी झालेली, हँडलर (तिला सांभाळणारा) जाणकार. डॉक्टर तयार आहेत, पण कुत्री कुठं बसणार, कधी बाहेर जाणार, काही झालं तर कोण काय करणार, हे सगळं कागदावर मागतायत. मागणी रास्त आहे. तो कागद इथं सगळ्यांनी मिळून लिहू. गोड फोटो कृपया नकोत, ते व्हॉट्सॅपवर ढिगानं येतात.

दाढदुखी · शनिवार, सकाळी ९:५५

बालदंतवैद्यकाच्या बाजूनं लिहितोय.

ड्रिलिंग चालू असताना मुलाला धरून ठेवायला कुत्रं नसतं. मुलाचा धीर सुटतो तो त्याच्या आधीच. वेटिंगमधली पंधरा मिनिटं, लवंगतेलाचा वास, आतल्या खोलीचं दार, खुर्ची मागं झुकणं. २००१ साली अमेरिकेत ७ ते ११ वयाच्या ४० मुलांवर अभ्यास झाला. निम्म्या मुलांजवळ कुत्रं होतं आणि बोटाच्या त्वचेच्या तापमानावरून ताण मोजला. संपूर्ण उपचाराचा वेळ धरला तर दोन्ही गटांत फरक निघाला नाही. पण जी मुलं येतानाच भीती वाटते म्हणाली होती, त्यांच्यात फरक दिसला, आणि तोही खुर्चीत पडून डॉक्टरची वाट बघण्याच्या वेळेत. अभ्यास दिव्यांग मुलांपुरता नव्हता, आकडाही लहान. तरी कुत्र्याची जागा कुठं आहे हे त्यातून कळतं.

म्हणून त्या सकाळी फवारा आणि आवाजाचं काम ठेवूच नका. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं वेगवान ड्रिल, मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेतो, सोबत पाणी मारतो. तोंडातले जंतू त्या तुषारांबरोबर उडतात आणि कुत्रीच्या केसांवर बसतात. तीच कुत्री मग पुढच्या मुलाच्या हाताखाली. एअरोटर, स्केलर (दातांवरचा थर काढायचं यंत्र) आणि थ्री-वे सिरिंजचा हवा-पाण्याचा एकत्र फवारा ही कामं कुत्री घरी गेल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी.

बिनआवाजाचं कामही भरपूर उरतं. तपासणी. फ्लोराइड वार्निश (५ टक्के सोडियम फ्लोराइड). चमच्यासारख्या एक्स्कॅव्हेटरनं कीड कोरून जीआयसी (दाताला चिकटणारं सिमेंट) भरणं. सुया-ड्रिल न वापरता हॉल पद्धतीनं स्टीलची कॅप बसवणं, त्यासाठी दातांमध्ये जागा नसेल तर ३ ते ५ दिवस आधी सेपरेटर (दातांमध्ये फट करणारं छोटं कडं) घालून ठेवायचा. आणि एसडीएफ, म्हणजे ३८ टक्के सिल्व्हर डायमिन फ्लोराइड. ते कीड काळी करतं हे पालकांना आधी फोटो दाखवून सांगायचं, सही घ्यायची, चांदीची ॲलर्जी विचारायची.

एसडीएफच्या वेळी कुत्री मात्र लांब. ओठांना व्हॅसलीन, बाजूला कापूस, एक मिनिट लावणं, आणि तेवढ्यात मुलाचा हात उडून थेंब कुत्रीच्या केसांवर गेला तर काळा डाग. मुलाच्या कातडीवरचा डाग आठवड्या-दोन आठवड्यांत जातो, केसांवरचा केस गळेपर्यंत. डाग एक वेळ चालेल, पण कुत्री तो चाटते, ते नको.

गोचीड_नको · शनिवार, सकाळी १०:४०

जनावरांच्या दवाखान्याकडून.

दाढदुखी, तुमच्या यादीतला एअरोटर सगळ्यांना दिसतो, स्केलर दिसत नाही. माणूस साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्रं ४५ च्या आसपास. अल्ट्रासॉनिक स्केलरचं टोक थरथरतं २५ ते ४५ च्या टप्प्यात. आपल्याला नुसती पाण्याची सुरसुर, तिला कानात शिट्टी. शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटचं स्केलिंग चालू असेल तरी तिचे कान मागं जातील, आणि हँडलरला वाटेल की आज बिघडलीय.

सराव करून घ्यायचा तर तो मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगवर होत नाही. फोन २० किलोहर्ट्झच्या वरचं फारसं पकडत नाही आणि त्याचा स्पीकरही ते वाजवत नाही. एअरोटर आणि सक्शनसाठी रेकॉर्डिंग चालेल: अगदी हळू आवाज, खाऊ, रोज दोन मिनिटं, कान ढिले राहिले तरच आवाज वाढवायचा. स्केलरसाठी खरं मशीन पाहिजे. रिकाम्या दवाखान्यात ५-६ मीटरवरून, दार उघडं ठेवून, एका वेळी दहा सेकंद.

आता तिची पात्रता. रेबीजची लस दरवर्षी, सात किंवा नऊ रोगांवरची एकत्र लस, त्यातला लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, चिखल-पाण्यातून पसरणारा आजार) डोस वर्षाच्या आत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर चिखल-पाणी असतं, तिथं लेप्टोला ढिलाई नको. जंताचं औषध तीन महिन्यांनी. गोचीड-पिसवांचा इलाज नियमित, आणि येण्याआधी कानामागं, बोटांच्या बेचक्यात हात फिरवून बघणं. आंघोळ आदल्या दिवशी, नखं कापून कानशीनं घासलेली. आणि कच्चं मटण बंद. हे कोल्हापुरात मुद्दाम सांगावं लागतं, कारण खाटकाकडची छाट कुत्र्याला घालणं इथं लाडाचा भाग आहे. कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्याच्या विष्ठेत आणि तोंडात साल्मोनेला असू शकतो, कुत्रं ठणठणीत दिसत असतानाही. अमेरिकेतल्या रुग्णालय-साथरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१५ मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तीत गेल्या ९० दिवसांत कच्चं खाल्लेलं कुत्रं घेऊ नका असंच म्हटलंय. कुत्रं किमान एक वर्षाचं आणि भेट एका तासापेक्षा लांब नको, हेही त्यातच.

रांगडागडी · शनिवार, दुपारी १२:२०

भावांनो, लई भारी. पण गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीला बिचकून पोरं आधीच पालकांच्या मागं लपत्यात. तिथं दाताच्या डॉक्टरची भीती घालवायला कुत्रं? एका भीतीवर दुसरी कशाला चढवायची?

पाटीपेन्सिल · शनिवार, दुपारी १२:४५

प्रश्न बरोबर आहे, म्हणून गाळणी आधी लावायची. पालकांना तीन प्रश्न: मूल रस्त्यावरच्या कुत्र्याला बघून काय करतं, घरात किंवा शेजारी कुत्रं आहे का, कधी चावलंय का. उत्तरात शंका आली तर त्या मुलाला कुत्री नाही, साधी भेट. कुत्र्याची भीती घालवायचा उपक्रम वेगळा, दातांचा वेगळा.

आवडतं म्हणणाऱ्या मुलांनाही थेट भेटवायचं नाही. ऑटिझमच्या मुलासाठी आठवडाभर आधी सहा चित्रांची पट्टी पाठवायची, आणि चित्रं त्याच दवाखान्याची, त्याच कुत्रीची: दवाखान्याचं दार, कुत्री चटईवर, माझा हात तिच्या पाठीवर, खुर्ची, तोंड उघडलं, कुत्री घरी गेली. शेवटचं चित्र विसरलं की तिथंच गाडी अडते. कुत्री बाहेर निघाली की मुलाला वाटतं आपण काही चुकलो, आणि जमवलेलं सगळं वाहून जातं. पट्टीवर ते चित्र असेल तर मूल स्वतःच तिला टाटा करतं.

पहिली भेट तोंड न उघडता, फक्त दहा मिनिटं. दुसरीत खुर्ची मागं-पुढं, कुत्री बघतेय. तिसऱ्या भेटीला आरसा तोंडात. कुत्रीचे दात हँडलर रबरी बोट-ब्रशनं घासून दाखवतो, मग मूल स्वतःचा ब्रश धरतं. 'सांगा, दाखवा, करा' ही जुनीच रीत, दाखवायला फक्त कुत्री मिळते. दर भेटीला मुलाच्या वागण्याचा आकडा फ्रँकलच्या १ ते ४ पायऱ्यांत लिहायचा: १ म्हणजे साफ नकार, ४ म्हणजे हसतखेळत. तीन भेटींत आकडा हललाच नाही तर कुत्रीचा उपयोग होत नाहीये असं समजून थांबायचं.

मानेखाली_उशी · शनिवार, दुपारी ३:३०

फिजिओथेरपीकडून सीपीच्या मुलांबद्दल. वर कुणीच हात घातलेला नाही आणि इथंच अपघात होतील.

सगळे सांगतात कुत्रं मुलाच्या बाजूला उभं करा, मूल वळून बघेल. ज्या मुलात मानेचा असममित प्रतिक्षेप अजून शिल्लक आहे, त्यानं मान डावीकडं वळवली की डावा हात आपोआप ताठ बाहेर जातो आणि उजवा दुमडतो. म्हणजे कुत्री डावीकडं असेल तर तिला बघताक्षणी तिच्याच तोंडावर हात बसणार. मुलानं मारलं नाही, मानेनं मारलं. अशा मुलासाठी कुत्री मधोमध, पायांकडच्या टोकाला, मान सरळ ठेवून दिसेल अशी. गुडघ्यांखाली गुंडाळलेलं ब्लँकेट, म्हणजे कंबर-गुडघे दुमडलेले राहतात आणि अंग मागं ताणत नाही. गिळायला त्रास असेल तर खुर्ची पूर्ण आडवी नको, अर्धवट बसती.

दुसरं, मूठ. स्पॅस्टिक (ताठरलेल्या) हातात केस सापडले की मूल सोडू शकत नाही. हँडलर बोटं उकलायला जातो, मूठ आणखी आवळते, कुत्री कळवळते. बोटांना हातच लावू नका. मुलाचं मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल होतात. हँडलरनं हे पहिल्या दिवसाच्या आधी पन्नास वेळा करून बघितलेलं असावं. कुत्रीला त्या मुलापुरतं सुती जाकीट घाला, केसांऐवजी कापड हातात येतं.

तिसरं, दचकणं. भुंकणं, स्टीलचा ट्रे पडणं, कंप्रेसर अचानक सुरू होणं, कशानंही अंग ताठ होतं आणि तोंडात आरसा असेल तर दात त्यावर आवळले जातात. तोंडात माउथ प्रॉप (दात मिटू न देणारा ठोकळा) असल्याशिवाय बोट घालू नये, कुत्री असो वा नसो.

दाढदुखी · शनिवार, दुपारी ४:१०

मनगटाचं वाक्य जसंच्या तसं कागदावर घ्या.

खोलीतल्या जागा सांगतो. डॉक्टर उजवा हात वापरत असेल तर तो मुलाच्या डोक्याच्या उजव्या अंगाला, घड्याळाच्या ९ ते १२ मध्ये. असिस्टंट २ ते ४. म्हणजे कुत्रीला उरते मुलाच्या डाव्या मांडीपासून पायांपर्यंतची जागा, आणि सीपीचं मूल असेल तर फक्त पायांचं टोक. हँडलर स्टुलावर, कुत्रीचं तोंड हँडलरकडं, मुलाच्या तोंडाकडं पाठ. लीश दीड मीटरची, हँडलरच्या हातात. खुर्चीला कधीही बांधायची नाही.

खुर्चीचा मोठा धोका फूट पेडल. खुर्ची खाली येताना तिच्या पायथ्याशी शेपूट किंवा पाय आला तर चिरडतो, आणि डॉक्टरला वरून दिसत नाही. कुत्री खोलीत आल्यावर पेडलला हात-पाय नाही. उंची आधी ठरवा, मग कुत्रीला बोलवा. २७ किलोची लॅब खुर्चीवर चढवू नका, रेक्झिनवर नखं घसरतात. मांडीवर फक्त तिची हनुवटी पाहिजे.

गोचीड_नको · शनिवार, सायं. ५:०५

हनुवटी टेकवणं शिकवताना घाई होते म्हणून पायऱ्या देतो. तळहातावर हनुवटी, तीन सेकंद, खाऊ. मग दहा. मग तळहाताच्या जागी घडी केलेला टॉवेल. मग टॉवेल खुर्चीच्या हातावर, मग ओळखीच्या माणसाच्या मांडीवर, शेवटी तीन मिनिटं. तिनं हनुवटी उचलली की काम संपलं, परत दाबून टेकवायची नाही. हनुवटी उचलणं हा तिचा नकार आहे आणि तो मानला तरच ती गुरगुरण्यापर्यंत जात नाही.

चाचणी घ्यायची तर दोन मीटर मागं स्टीलचा किडनी ट्रे पाडा. दचकली तर चालेल, पाच सेकंदांत परत हँडलरकडं बघायला हवी. व्हीलचेअर, कुबड्या, किंचाळणं, कान ओढणं, अचानक मिठी, सगळं एकदा. ताणाची चिन्हं: विनाकारण जांभई, ओठ चाटणं, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, पंजा उचलून धरणं, थंड खोलीत धापा. दोन दिसली की बाहेर. १५ मिनिटं काम, १० मिनिटं सुट्टी आणि पाणी. तीन मुलांत तास संपतोच.

दाढदुखी · शनिवार, सायं. ५:२०

लोकलची (भुलीची) सुई देताना कुत्री राहिली तर माझी हरकत नाही. त्याच क्षणी मुलाला हाताखाली काहीतरी लागतं.

गोचीड_नको · शनिवार, सायं. ५:३२

माझी आहे. सुई टोचली की हात आवळतो. आवळला कानावर, तर शांतातलं शांत कुत्रंही झटकन मान वळवतं. ते चावत नाही, दात फक्त लागतो. पण लागलेला दात कागदावर चावाच.

मानेखाली_उशी · शनिवार, सायं. ५:४०

मधला मार्ग: सुईच्या वेळी हात पाठीच्या मागच्या भागावर, कान-मान-शेपटीपासून लांब, आणि मुलाच्या मनगटावर हँडलरचा हात. मूठ आवळणाऱ्या सीपीच्या मुलाला तेही नको.

गोचीड_नको · शनिवार, सायं. ५:४४

चालेल.

औषधपेटी · शनिवार, रात्री ८:१५

कुणी झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोडव्याचं, नाव काढलं नाही म्हणून आलो. दातांना चांगलं म्हणून शुगर-फ्री च्युइंगम, काही टूथपेस्ट, काही वार्निश, काही माउथवॉशमध्ये झायलिटॉल असतं. कुत्र्याला ते विष. इन्सुलिन उसळून साखर कोसळते. किलोमागं ०.१ ग्रॅमपासून धोका, म्हणजे तुमच्या २७ किलोच्या लॅबला पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, आणि पाच किलोच्या पॉमला (पॉमेरेनियनला) अर्धा ग्रॅम. च्युइंगमच्या काही गोळ्यांत एकेकातच तेवढं असतं. उलटी, लटपटणं, अर्ध्या-एक तासात झटके. रिसेप्शनवरची शुगर-फ्री गोळ्यांची बरणी त्या दिवशी कपाटात, आणि कुत्री असताना वापरायचं वार्निश-पेस्ट डब्यावरचा मजकूर वाचूनच निवडा.

जमीनही बघा. लोकलनं भिजलेला कापसाचा बोळा, निसटलेला सेपरेटर, घरंगळलेली स्टीलची कॅप. लॅब आधी गिळते, मग विचार करते. ती आत यायच्या आधी झाडू. पुसायचं हायपोक्लोराइटनं असेल तर तासभर आधी, वर साध्या पाण्याचा हात, फरशी कोरडी. ओल्या फिनेलवरून चालून ती पंजे चाटते.

आणखी दोन. स्पायना बिफिडाच्या मुलांत लॅटेक्सची ॲलर्जी खूप आढळते. दवाखाना नायट्राइलचे हातमोजे घालेल, पण कुत्रीचा रबरी चेंडू? तो लॅटेक्सचा असतो. त्या दिवशी कापडी खेळणी. आणि हसवणारा वायू, म्हणजे नायट्रस ऑक्साइड, हवेपेक्षा जड आहे. मास्कमधून गळलेला वायू खाली उतरतो आणि कुत्रीचं नाक तिथंच असतं. नायट्रसच्या दिवशी कुत्री नको.

डाऊन सिंड्रोमच्या ज्या मुलाच्या हृदयरोगतज्ज्ञानं दात काढण्याआधी ॲन्टिबायोटिक सांगितलंय, त्याला अमॉक्सिसिलिन किलोमागं ५० मिलिग्रॅम (जास्तीत जास्त २ ग्रॅम) अर्धा ते एक तास आधी देतात. गोळी आणि खुर्ची यांमधली ती वेळ कुत्रीला देऊन टाका, वेगळी काढावी लागत नाही.

रांगडागडी · शनिवार, रात्री ८:५०

आणि ओरखडा उठला तर?

औषधपेटी · शनिवार, रात्री ९:२०

साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून १५ मिनिटं. मग सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळचं सरकारी रुग्णालय. रक्त न आलेला ओरखडा दुसरा वर्ग, त्याला लस. रक्त आलेला चावा तिसरा वर्ग, लस अधिक इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). आणि कुत्र्याची लाळ तोंडाच्या आतल्या त्वचेला लागणं हाही तिसराच वर्ग. म्हणून चेहरा चाटणं पूर्ण बंद, आणि दात काढून झाल्यावर त्या मुलाजवळ त्या दिवशी कुत्री नाही. कुत्रीला लस दिलीय म्हणून पालकांनी स्वतःहून थांबू नये. डोस सुरू करायचा, कुत्रीवर १० दिवस लक्ष ठेवायचं, पुढं डॉक्टर ठरवतील. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स दवाखान्याच्या फाइलीत आधीपासून.

मुलाला फिट आली तर पहिली बाहेर कुत्री, मग बाकीचं.

ज्यांना कुत्री चालणार नाही ती मुलं: दमा किंवा केसांची ॲलर्जी, गळ्यात ट्रॅकिओस्टॉमीची नळी, केमो किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू, हातावर उघडी जखम. हँडरब मुलाला, आईला, हँडलरला, आधी आणि नंतर, २०-३० सेकंद. मांडीवर दर मुलाला नवीन चादर.

पाटीपेन्सिल · रविवार, सकाळी ७:३०

कागद जवळजवळ भरला. पैशांचं थोडक्यात: ऑटिझम, सीपी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांना नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा आहे, पालकांनी कार्ड चालू आहे का बघावं. कुत्रीच्या भेटीचा खर्च त्यात येईल असं धरून चालू नये, तो संस्थेनंच उचलायचा.

राहिला एक प्रश्न. पहिली सकाळ ऑगस्टच्या शेवटी ठेवायची म्हणतात.

गोचीड_नको · रविवार, सकाळी ८:०५

नको. ओली लॅब अर्ध्या तासात वाळत नाही, तिचा वास बंद खोलीत मुलांना नकोसा होतो, आणि ओल्या केसांवर हात ठेवायला ऑटिझमचं मूल तयार होत नाही. पुढं लगेच गणपती. राजारामपुरीत आगमनाच्या मिरवणुकीच्या साउंड सिस्टीमनंतर दोन-तीन दिवस तिच्याकडून काम करून घेऊ नये, आणि मिरवणुकीतला गुलाल तिच्या पंजांना लागून फरशीवर येतो. दिवाळीच्या फटाक्यांनंतर आठवडा सोडून धरा.

दाढदुखी · रविवार, सकाळी ८:४०

म्हणजे नोव्हेंबर. तोवर तिन्ही मुलांच्या कुत्रीशिवायच्या दोन भेटी करून घेतो, फ्रँकलचा आधीचा आकडा हातात राहील. कंप्रेसर जिन्याखाली आहे, तो सुरू होताना दणका बसतो. टाकी भरून, मग बंद करून ठेवली तर तपासणीपुरती हवा पुरते. कुत्रीला जिन्यानं न आणता मागच्या रॅम्पनं आणा, व्हीलचेअरही तिकडूनच येतात.

पाटीपेन्सिल · रविवार, सकाळी ९:००

रॅम्पवर सध्या बाइक लावतात. हटवायला सांगते.